गाडी दुरुस्तीचे कार्यक्रम आणि बाबांचे कान

मला गाड्यांचं वेड लागलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, आणि ते वेड लावलं टीव्हीनं.

आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी. मी शिक्षिका; माझी शाळा सावली गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेची. नवरा गडचिरोलीला नोकरीला, तो शनिवारी यायचा. इतकी वर्षं मी बसनं नाहीतर काळीपिवळीत कोंबून घेऊन शाळेत जात होते. मग शाळेतल्या एका गुरुजींची बदली झाली, त्यांनी त्यांची जुनी पांढरी छोटी गाडी विकायला काढली आणि मी ती घेऊन टाकली. चालवायला शिकले. पण बोनेटखाली काय आहे ते मला काडीचं कळत नव्हतं. थोडं तरी कळावं म्हणून एका संध्याकाळी चॅनेल चाळत बसले आणि तो कार्यक्रम लागला.

काय कार्यक्रम होता तो! कुठल्यातरी परदेशातला, हिंदीत आवाज दिलेला. कोंबड्यांच्या खुराड्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेली एक गाडी चार जण ओढून आणतात. छप्पर सडलेलं, सीटमध्ये उंदरांची घरटी. आणि त्यांच्याकडे वेळ किती, तर सात दिवस. सात दिवसांत ती गाडी प्रदर्शनात उभी राहिली पाहिजे, नाहीतर गॅरेज गेलं! ठिणग्या उडतात, कोणी कोणावर ओरडतो, घड्याळाचा काटा पळतो, आणि शेवटच्या मिनिटाला इंजिन धडधडून चालू होतं. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. गॅसवर भात लागला होता, त्याचाही वास मला आला नाही.

तो वास बाबांना आला. "भात करपून राह्यला वो," ते म्हणाले. "आनि तो बँड बंद कर पहिले."

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले होते. मूलच्याच एका राइस मिलमध्ये त्यांनी सारा जन्म फिटर म्हणून काढला. मिलचं इंजिन, धान भरडायच्या मशिनी, मालकाचे दोन ट्रक, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आता वय पंच्याहत्तरच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टीव्ही त्यांना नुसता हलणाऱ्या उजेडासारखा दिसायचा. ते बघायचे नाहीत, ऐकायचे. कान मात्र असे की गल्लीत कोणाची मोटारसायकल वळली तर ते खाटेवरूनच सांगायचे, चेन ढिली आहे.

"बँड कुठला बाबा, म्युझिक आहे ते."

"तेच त. आता इंजिन चालू केलं का नाई त्यानं?"

"केलं ना. मस्त चालू झालं."

"मंग इंजिनाचा आवाज कुठी आहे? मले त ढोल आयकू येऊन राह्यले. इंजिन ठोकते का मिसिंग मारते, कसं समजन? आवाज काऊन झाकला त्यायनं?"

मी म्हटलं, झाकला नाही, मजा यावी म्हणून लावलाय. बाबा म्हणाले, "नापास."

त्या दिवसापासून आमच्या घरात भांडण सुरू झालं. मी शाळेतून आले की साडेसातला टीव्हीसमोर. मला सगळेच कार्यक्रम आवडायचे. सात दिवसांत गाडी उभी करणारे ते चौघे आवडायचे. दोन पंजाबी भाऊ होते, ते जुन्या जीपगाड्यांना ट्रॅक्टरएवढी चाकं लावायचे, तेही आवडायचे. कचऱ्यातली गाडी विकत घेऊन चकाचक करून विकणारी एक बाई होती, ती तर माझी देवीच झाली होती. बाबा शेजारी बसून सगळ्यांना नापास करत सुटायचे. "हा माणूस पाना पडला तरी खाली वाकत नाई, दुसरा उचलते. त्याच्याकडं कितीक पाने हायेत?" पाना पडल्याचा आवाज मला आलाही नव्हता. कधी म्हणायचे, "पार्ट मागवला आनि आला? आपल्या सिंदेवाहीच्या दुकानात सांगितलं त आठ दिवस लागते."

पास झाला तो एकच कार्यक्रम. रविवारी दुपारी दोनला लागायचा, जेवून सगळं जग आडवं झालेलं असताना. निळ्या कपड्यांतला, पिकल्या मिशांचा एक माणूस साध्या हिंदीत एका वेळी एकच गोष्ट सांगायचा. म्युझिक नाही, घड्याळ नाही, भांडण नाही. एका रविवारी त्यानं अर्धा तास फक्त ब्रेक दाखवले. एका रविवारी म्हणाला, आता मी बोलत नाही, तुम्ही हे इंजिन ऐका. आणि खरंच तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला. बाबा पुढं सरकून, मान वाकडी करून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख मी ते आईच्या हातची भाकरी खायचे तेव्हाच पाहिलं होतं.

"हा पास," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, झोप येते याला पाहून."

"झोप मंग. मी आयकतो."

आणि मी झोपायचे. दर रविवारी, ठरल्यासारखी.

एप्रिलमध्ये बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, चंद्रपूरच्या एका दवाखान्यात. मी गाडीनंच नेलं त्यांना. नवऱ्याला त्या दिवशी सुटी मिळाली नाही, पण मला आता गाडीचा इतका आत्मविश्वास आला होता की मी म्हटलं, कशाला सुटी, मी आहे ना. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी उद्यापर्यंत राहू द्या, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, डोळ्यात धूळ-पाणी जाऊ द्यायचं नाही. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात आधीपासून मोतीबिंदू. म्हणजे त्या दिवशी बाबांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मी त्यांना हात धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला, आणि आम्ही मूलकडं निघालो.

चंद्रपूर सोडलं की रस्ता जंगलातून जातो. साग उघडाबोडका झालेला, खाली सगळा पाचोळा, आणि मोहाची झाडं मात्र ऐन भरात. काच खाली केली तर तो गोड, जडसा वास आत येत होता. बाबा म्हणाले, "मोव पडून राह्यला." मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "हा वास मोवाचा नाई."

"कुठला?"

"गोडच आहे. पन हा गाडीतल्या कूलंटचा आहे. काटा पाह्य गरमीचा."

मी पाहिलं. काटा लाल रेघेच्या पार वर गेला होता. मी कधी त्याच्याकडं बघायचेच नाही! आणि तेवढ्यात बोनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली. फोन पाहिला तर रेंज नाही. पुढं-मागं कोणी नाही. शेजारी पट्टी बांधलेले वडील.

पण खरं सांगते, घाबरण्याच्या आत कुठंतरी मला आनंदही झाला. हा प्रसंग मी टीव्हीवर पाहिला होता! अगदी असाच. त्या जुन्या गाड्या विकणाऱ्या बाईची गाडी वाळवंटात तापते, वाफ निघते, ती उतरते, हसते, हातात टॉवेल घेते, रेडिएटरचं झाकण फिरवते, भस्सकन फवारा उडतो, ती मागं उडी मारते, सगळे हसतात, पाणी ओततात आणि पुढच्या क्षणी गाडी पळते. मला सगळं पाठ होतं. बाबांना म्हटलं, "बसा तुम्ही, मी पाहते," आणि मागच्या सीटवरचा टॉवेल घेऊन उतरले. बोनेट उघडलं. गरम हवेचा भपका तोंडावर आला. झाकण दिसलं. टॉवेल त्यावर टाकला, तळहातानं दाबलं आणि फिरवायला लागले.

"हात काढ!"

बाबांचा असा आवाज मी लहानपणी मिलमध्ये ऐकला होता, चालू मशिनीच्या वरून जाणारा. मी हात ओढला. त्याच क्षणी टॉवेलखालून उकळत्या पाण्याची चिळकांडी उडाली, टॉवेल बाजूला फेकला गेला. थोडं पाणी माझ्या मनगटावर आलं. मी किंचाळले.

"भाजलं? तोंडावर आलं का? सांग ना वो!"

"नाही, हाताला. थोडंसं."

"मांगं सरक. गाडीपासून मांगं सरक."

ते दार उघडून उतरायला लागले. मी ओरडले, "बाबा, उतरू नका, वाकायचं नाही तुम्हाला!" ते ओरडत होते, मी ओरडत होते, आणि आमचा हा गोंधळ ऐकून झाडांमधून दोघं बाहेर आले. एक बाई आणि तिचा नवरा. दोघांच्या हातात मोहफुलांच्या टोपल्या. जंगलातल्याच कुठल्यातरी गोंड वस्तीतले. बाईनं माझ्या मनगटाकडं पाहिलं, नवऱ्याकडं वळून "येर" म्हणाली, आणि त्यानं सायकलला बांधलेला पाण्याचा डबा आणून दिला. तिनं ते पाणी सावकाश, धार धरून माझ्या हातावर ओतलं. एवढं पिण्याचं पाणी माझ्यासाठी ओतू नका म्हटलं, तर म्हणाली, "पुढं बोअरिंग आहे बाई. हा आनन अजून."

हात शांत झाला. बाबांना मी पुन्हा सीटवर टेकवलं, दार उघडं ठेवलं.

"तुम्हाला कसं कळलं मी झाकण फिरवते ते?" मी विचारलं.

"फुसफूस बदलली. झाकण दाबलं की बदलते." मग जरा थांबून म्हणाले, "कोनी शिकवलं तुले गरम इंजिनाचं झाकन काढाले?"

मी सांगितलं. वाळवंट, टॉवेल, हसणारी बाई, सगळं.

बाबांनी नापाससुद्धा म्हटलं नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

"आता काय करायचं?"

"आता बसाचं."

"बसायचं?"

"थंडी होऊ दे. पाऊन घंटा, घंटा. तोवर कोनी हात लावाचा नाई."

टीव्हीवर हा तास कधीच नव्हता. तो कापून टाकलेला असतो. आम्ही मात्र तो पूर्ण बसून काढला. बाईचा नवरा सायकलवर बोअरिंगकडं गेला. ती माझ्याजवळ एका दगडावर बसली, टोपलीतली फुलं निवडत. मी विचारलं, इथं वाघाची भीती नाही वाटत? ती अगदी सहज म्हणाली, "सकाळी गेला ना तो या अंगानं. आता उन्हाचा कायले येते?" माझी मान आपोआप त्या अंगाला वळली. ती हसली. म्हणून दोघं-दोघं जायचं, बोलत राहायचं, म्हणाली. मग तिला एकच प्रश्न पडला होता: "हे बाबाजी पट्टी बांधून गाडी कशी सुधरवन?"

"हिच्या डोऱ्यानं," बाबा आतून म्हणाले. "माया कानानं आनि हिच्या डोऱ्यानं."

आणि त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. बोनेटच्या कडेला उभी राहा. हात लावू नको. फुसफूस अजून आहे का? आहे. वरून येते की खालून? मी म्हटलं, कळत नाही, सगळीकडूनच. "नाई. डोरे मीट," ते म्हणाले. मी डोळे मिटले. आधी मला माझाच श्वास ऐकू आला, मग पाचोळ्यात कसलीशी सळसळ, मग दूर घुमणारा होला. आणि मग ती बारीक शीळ. वरून! वरून आणि डाव्या हाताला! मी डोळे उघडले तर त्या जागी रेडिएटरकडून इंजिनाकडं जाणारा जाड काळा रबरी पाइप होता, आणि त्याच्या टोकाला, क्लिपच्या अगदी शेजारी, टाचेला पडते तशी एक भेग. भेगेतून बुडबुडे येत होते.

"सापडलं बाबा! पाइप फाटलाय! टोकाला!"

"टोकाले आहे का मधात?"

"टोकाला. बोटाच्या एका पेराएवढं."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "मंग झालं काम."

मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. कोणी दाखवलं नव्हतं, कॅमेरा जवळ गेला नव्हता, बाण काढला नव्हता. मी कानानं शोधलं होतं!

बाबांनी सांगितलं ते असं: पाइप पुरेसा लांब असेल तर फाटलेलं टोक तेवढं कापायचं आणि उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवायचा. डिकीत पेचकस होता. इंजिनावर हात ठेवता येईल इतकं ते निवल्यावर मी क्लिप ढिली केली. पाइप ओढला. तो हलेना. मी पाय रोवून ओढला, तरी हलेना. माझ्यामागं उभी असलेली ती बाई म्हणाली, "ओढू नोको बाई, पिळ. लुगडं पिळते तसा." तिनंच हात पुढं केला, दोन्ही मुठींत पाइप धरला, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि तो चर्रकन सुटून हातात आला. तिच्या कमरेला विळा होता. पाइपाचं टोक दगडावर ठेवून तिनं एका घावात फाटका तुकडा वेगळा केला. इतका सरळ घाव की मी बघतच राहिले.

"कसं कापलं?" बाबांनी विचारलं.

"काकडीसारखं," मी म्हटलं.

पाइप आतून ओला करून पुन्हा चढवला. जेमतेम पुरला. क्लिप आवळताना बाबा विचारत राहिले, आता पेच किती जड लागतो? अजून अर्धा फिरव. बस, जास्त आवळू नको, कापेल. तोवर पाणी आलं होतं. मी झाकण काढलं, आता ते मुकाट्यानं निघालं, आणि सावकाश पाणी भरलं. बाबा म्हणाले, झाकण उघडंच ठेव, गाडी चालू कर, आतली हवा निघून जाऊ दे.

मी चावी फिरवली. इंजिन चालू झालं.

आणि बाबांनी बोट ओठांवर ठेवलं.

आम्ही चौघंही जागच्या जागी थांबलो. त्या जंगलात, भर दुपारी, एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन एकटं चालू होतं आणि आम्ही ते ऐकत होतो. मला पहिल्यांदा ते नीट ऐकू आलं. त्याला एक लय होती, लयीत मध्येच एक बारीकसा टिकटिकाट होता, आणि रेडिएटरच्या तोंडात पाणी गुडगुड करत होतं. मी पाणी थोडं थोडं घालत गेले, तशी गुडगुड कमी होत गेली. मी झाकण लावलं. बाबा अजून थांबले होते, कशाची तरी वाट बघत. काटा हळूहळू मधोमध चढला. माझा जीव पुन्हा वर. आणि तेवढ्यात पुढून घर्रर्र करून इंजिन निववणारा पंखा लागला.

"लागला!" बाबा म्हणाले. "पंखा लागला! चल आता, घरी."

बाईनं टाळी वाजवली. मी तिच्या गळ्यातच पडले. तिला काय द्यावं सुचेना. दवाखान्यासाठी आणलेली केळ्यांची आणि बिस्किटांची सगळी पिशवी दिली, आणि तिनं मला ओंजळभर मोहफुलं दिली. सावकाश चालवत आम्ही मूलला पोचलो. सगळ्या वाटेवर मी काट्याकडं इतकी बघत होते की बाबा म्हणाले, "रस्ता बी पाह्य मधात मधात."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, म्हणाले, "तू त जाडी झाली वो." आठवडाभर त्यांना टीव्ही बंद होता, डोळ्याला ताण नको म्हणून मीच बंद केला होता. मग एका संध्याकाळी ते स्वतःहून खुर्ची पुढं ओढून बसले आणि म्हणाले, लाव तुझा तो सात दिवसवाला. मला वाटलं आता चांगला दिसतोय तर आवडेल. कसलं काय! आधी फक्त कानानं नापास करत होते, आता डोळाही आला होता. दहा मिनिटांत त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. "याची नखं पाह्य. इंजिन उतरवलं म्हंते आनि नखं पांढरी!" मग म्हणाले, "आता खोलला तो गिअरबॉक्स आनि लावला तो, दोन वेगळे हायेत. तिकडं कोपरा तुटला होता." मी तो भाग नंतर मोबाइलवर मागं नेऊन पाहिला. खरंच वेगळे होते! मी इतके दिवस, डोळे धडधाकट असून, हे पाहिलं नव्हतं.

तरी एक कबूल करते. तो कार्यक्रम मी सोडला नाही. मला अजूनही आवडतो. शेवटच्या मिनिटाला गाडी चालू झाली की माझ्या अंगावर काटा येतोच. तोच कार्यक्रम नसता तर मी बोनेट उघडायचं धाडसही केलं नसतं. पण झाकण उघडून हसणाऱ्या त्या बाईच्या चॅनेलला मी हिंदीत पत्र लिहिलं: तुम्ही हे दाखवता, माझ्या हातावर डाग आहे, निदान खाली एक ओळ तरी लिहीत जा की गरम असताना असं करू नका. उत्तर आलं नाही. रविवारच्या त्या पिकल्या मिशांच्या माणसाचे जुने भाग मात्र मला मोबाइलवर सापडले. त्यात एक अख्खा भाग रेडिएटरच्या झाकणावर होता. बाबा म्हणाले, तो लागला तेव्हा तू घोरत होती.

पावसाळ्यानंतर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आणि मग मला ती कल्पना सुचली. मी म्हटलं, बाबा, सगळ्यांना नापास करता, तर आपणच एक कार्यक्रम करू. तुम्ही काम करा, मी मोबाइलवर शूटिंग करते.

आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या भाऊंची सामानाची तीनचाकी होती. तिचा सायलेन्सर फुटला होता, इतका की ते यायच्या आधी पाच मिनिटं त्यांचा आवाज यायचा. सायलेन्सर बदलायचा म्हणजे आधी जुना काढायचा, आणि त्याचा एक बोल्ट गंजून इंजिनाशी एकजीव झाला होता. बाबांनी डिझेल सोडलं, थांबले, हलकेच ठोकलं, पुन्हा डिझेल सोडलं, पुन्हा थांबले. पाना लावला, अंदाज घेतला, काढून घेतला. दोन तास! माझा हात आखडला, मोबाइल दोनदा चार्ज केला. रात्री मी त्या बोल्टचं शूटिंग कापून दीड मिनिटाचं केलं, खाली एक छानसं ढोलकीचं म्युझिकही टाकलं, आणि बाबांना दाखवलं.

"नापास," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की ते कार्यक्रमवाले असं का करतात. कापल्याशिवाय राहवतच नाही, वाटतं की कोण बघणार? दोन दिवस आमचं पुन्हा भांडण. बाबा म्हणत, दोन तास ठेव. मी म्हणे, बाबा, लोक उठून जातील. ते म्हणत, "मंग जाऊ दे. ज्याले बोल्ट खोलाचा आहे तो बसन." शेवटी बावीस मिनिटांवर तोडगा निघाला. ढोलकी गेली.

रविवारी दुपारी मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि गल्लीतल्या लोकांना बोलावलं. भाजीवाले भाऊ, त्यांची बायको, शेजारच्या दोन बाया, नवरा त्या दिवशी घरी होता तो, असे सगळे चटईवर बसले. पहिली पाच मिनिटं गप्पा चालल्या. कोणी चहाचं विचारलं. दहाव्या मिनिटाला भाऊ म्हणाले, "माह्या गाडीचा बोल्ट एवढा भारी हाय मालूम नव्हतं," आणि सगळे हसले. मग हळूहळू हसू थांबलं. पडद्यावर बाबांचा हात पाना लावत होता, थांबत होता, काढून घेत होता. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, डिझेलचा थेंब पडल्याचा आवाज येत होता. नवरा पुढं सरकला. भाऊंची बायको पुटपुटली, "आता होते. आता होते पाह्य." झालं नाही. पाना घसरला. सगळ्या खोलीनं 'अरे' केलं. मी पडद्याकडं बघतच नव्हते, मी लोकांकडं बघत होते, आणि त्यांच्याबरोबर मीही वाट बघत होते, जणू मलाही माहीत नाही पुढं काय होणार.

एकविसाव्या मिनिटाला पाना पुन्हा लागला. हात ताठ झाला. आणि मग 'कट्ट' असा कोरडा आवाज आला आणि बोल्ट सूतभर फिरला.

भाऊ चटईवरून उठूनच उभे राहिले. "सुटला! बप्पा, सुटला!" बाया टाळ्या वाजवायला लागल्या, नवऱ्यानं शिट्टी मारली, कोणाचा तरी चहा सांडला. बाबा मागं खुर्चीत बसले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना गप्प केलं.

"थांबा ना बे," ते म्हणाले. "अजून एक मिनिट बाकी आहे. बोल्ट बाहेर निंगते, तो आवाज आयका आता."